नदीकाठच्या राष्ट्रीय उद्यानात दोन रात्रींचा मुक्काम : तीनपैकी कोणती जागा निवडावी?

कासवगती :

नमस्कार. आम्ही पाच जण, म्हणजे मी, माझे पती, ८ आणि ११ वर्षांची आमची दोन मुले आणि ६८ वर्षांचे माझे वडील, उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका मोठ्या नदीच्या काठाने पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री तंबूत राहण्याचा बेत आखत आहोत. परवान्याच्या अर्जात मुक्कामाच्या तीन जागांपैकी एकीची निवड आधीच कळवावी लागते आणि नंतर ती बदलता येत नाही, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

पहिली जागा नदीच्या वळणावर, आतल्या बाजूला साचलेल्या वाळूच्या पुळणीवर आहे आणि तेथून पाणी जेमतेम पंधरा-वीस पावलांवर आहे. दुसरी जागा त्याच काठाला, परंतु पात्रापासून सुमारे १५० मीटर आत, झाडांमधल्या एका उंचवट्यावर आहे; वाहनतळापासून तेथपर्यंत साडेतीन किलोमीटरची पायवाट असून एकूण चढ १२० मीटरचा आहे. तिसरी जागा वाहनतळापासून सर्वांत जवळ आहे. डोंगरातून येणारा एक ओढा जेथे दरीतून बाहेर पडून नदीकडे वळतो, तेथल्या सपाट, गवताळ जमिनीवर ती आखलेली आहे. मुलांना अर्थातच पहिली जागा हवी आहे. वडिलांच्या गुडघ्यांचा विचार करून मला तिसरी बरी वाटते. दुसरीचा आग्रह कोणीच धरलेला नाही.

नदीबद्दल दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. मुख्य नदीवर, उद्यानाच्या वरच्या अंगाला सुमारे ४० किलोमीटरवर धरण आहे. ओढ्यावर धरण नाही, पण तो ज्या डोंगरांतून येतो त्यांच्यावर त्या सुमारास बर्फ शिल्लक असते. रात्रीचे तापमान ७ ते ८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, असे उद्यानाच्या माहितीपत्रकात दिलेले आहे. जागेबरोबरच पिण्याच्या पाण्याची सोय, थंडीसाठीची तयारी आणि शेकोटी करावी की स्टोव्ह न्यावा, याबद्दलही कोणी सविस्तर लिहिल्यास मी आभारी राहीन.

दगडवाट :

आपण अर्ज भरण्यापूर्वी विचारले हे फार चांगले केले, कारण तंबू किंवा स्लीपिंग बॅग निवडताना चूक झाली तर एखादी रात्र अवघडलेली जाते, परंतु नदीकाठी जागा निवडताना झालेली चूक रात्री दोन वाजता सुधारता येत नाही. म्हणून मी फक्त जागेबद्दल लिहितो.

आपल्याला सर्वांत सोयीची वाटणारी तिसरी जागा मी सर्वांत आधी बाद करीन. डोंगरातला ओढा अरुंद दरीतून बाहेर पडतो तेव्हा त्याचा उतार एकदम कमी होतो, वेग मंदावतो आणि त्याने वाहून आणलेले दगड, वाळू आणि माती तेथेच पंख्याच्या आकारात पसरते. आज ती जमीन सपाट आणि गवताळ दिसत असली, तरी ती मुळात पुरांनीच घडवलेली आहे. शिवाय अशा पंख्यावर ओढ्याची वाट कायमची ठरलेली नसते. मोठा लोंढा आला की तो जुना मार्ग सोडून कोठूनही वाहू शकतो. ७ ऑगस्ट १९९६ रोजी स्पेनमधील पिरेनीज पर्वतात, बिएस्कास या गावाजवळच्या तंबूतळावर असाच लोंढा आला आणि ८७ माणसे गेली. तो तळ आरास नावाच्या ओढ्याच्या पंख्यावरच वसवलेला होता आणि ओढ्याला बांधबंदिस्ती करून त्याचा मार्ग ठरवून दिलेला होता. तळ अधिकृत असणे आणि ओढा ताब्यात असल्यासारखा दिसणे या दोन्ही गोष्टी त्या संध्याकाळी उपयोगी पडल्या नाहीत.

आपल्याकडील ओढ्यावर बर्फही आहे. वितळलेल्या बर्फाचे पाणी दिवसाच्या उन्हाप्रमाणे वाढते आणि ते खाली पोहोचायला काही तास लागत असल्यामुळे, डोंगराच्या अंतरानुसार, ओढा दुपारी उशिरा, संध्याकाळी किंवा रात्री सर्वांत भरलेला असतो आणि पहाटे सर्वांत उतरलेला असतो. त्यातच वर डोंगरात उबदार पाऊस झाला, तर पावसाचे पाणी आणि वितळलेले बर्फ एकाच वेळी खाली येते. तंबूवर एक थेंबही पडलेला नसताना हे घडू शकते, कारण पाऊस आपल्या डोक्यावर पडण्याशी पुराचा संबंध नसून तो पाणलोट क्षेत्रात कोठे पडला याच्याशी असतो.

आता मुलांची पुळण. वळणाच्या आतल्या बाजूला प्रवाह मंद असतो, म्हणून तेथे वाळू साचते. बाहेरच्या बाजूला प्रवाह जोरात असतो, म्हणून तेथला काठ खचतो. थोडक्यात, पुळण ही नदीने पाणी चढलेले असताना तयार केलेली जागा आहे आणि पाणी चढले की ती नदी परत घेते. धरणाखालच्या नदीत तर आकाश स्वच्छ असतानाही पाणी चढते. विजेच्या मागणीनुसार किंवा जलाशयाच्या पातळीनुसार विसर्ग वाढवला जातो आणि ४० किलोमीटरचे अंतर ओलांडायला त्या पाण्याला काही तास लागतात, त्यामुळे दुपारी सोडलेले पाणी आपल्यापर्यंत नेमके झोपेच्या वेळी पोहोचू शकते. धरणाजवळ वाजवलेला भोंगा एवढ्या अंतरावर ऐकू येण्याचा प्रश्नच नाही.

रात्रीचा मुद्दा मी मुद्दाम सांगतो आहे. ११ जून २०१० रोजी अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात, लिटल मिसुरी नदीकाठच्या अल्बर्ट पाइक या तळावर पहाटेच्या अंधारात पूर आला. काही तासांतच नदीची पातळी ६ मीटरहून अधिक वाढली आणि २० माणसे मृत्युमुखी पडली. तेथील माणसे निष्काळजी होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. ती झोपलेली होती, आणि पाण्याला तेवढेच पुरेसे असते.

म्हणून आपल्या तीन जागांमध्ये माझ्या मते दुसरी एकटीच निवडण्याजोगी आहे. तरीही ‘उंचवटा’ या शब्दावर विसंबून राहू नये. जागेवर पोहोचल्यावर झाडांकडे नीट पाहावे. खोडांवर गाळाची रेघ, फांद्यांच्या बेचक्यांत अडकलेला पाचोळा आणि काटक्यांचे पुंजके, किंवा खोडाच्या एकाच, वरच्या प्रवाहाच्या बाजूला सोललेली साल दिसली, तर गेल्या पुरात पाणी तेथवर आलेले होते असे समजावे. हे पुंजके कमरेच्या उंचीवर असतील तर जमिनीवर तंबू ठोकण्यात अर्थ नाही. त्याचबरोबर तंबूच्या वर वाळलेली फांदी लोंबकळत नाही ना आणि जवळच्या झाडाची मुळे काठ खचून उघडी पडलेली नाहीत ना, हेही पाहावे. अंधार पडल्यावर यातले काहीही दिसत नाही, म्हणून सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी मुक्कामी पोहोचण्याचे नियोजन करावे.

चालण्याचा हिशोब असा मांडता येईल. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा आजही वापरला जातो : ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढासाठी आणखी एक तास. त्यानुसार साडेतीन किलोमीटरला ४२ मिनिटे आणि १२० मीटर चढाला १२ मिनिटे, म्हणजे एकूण ५४ मिनिटे होतात. परंतु हा वेग सडसडीत, सवयीच्या प्रौढाचा आहे. पाठीवर ओझे, दोन मुले आणि दुखरे गुडघे लक्षात घेता मी लागणारा वेळ दुप्पट धरीन आणि विश्रांतीसह दोन तासांपेक्षा कमी वेळ लिहून ठेवणार नाही. वडिलांसाठी दोन काठ्या घ्याव्यात. उतरताना गुडघ्यांवर येणारा भार त्यामुळे निश्चितच हलका होतो. त्यांच्या पाठीवरचे सामान इतर दोघा मोठ्यांनी वाटून घेतले, तर वाहनतळाजवळच्या जागेचा मोह आपोआप कमी होईल.

पाणवठा :

दगडवाट यांचे बहुतेक सर्व म्हणणे मला पटते, परंतु वाळूच्या पुळणीवर राहणे सरसकट चुकीचे आहे असा समज होऊ नये म्हणून लिहितो. काठावरचे गवत, कोवळी झुडपे आणि मऊ माती हा नदीकाठचा सर्वांत नाजूक भाग असतो. तेथे चार रात्री तंबू लागला की जमीन दबते, पाणी मुरेनासे होते आणि पुढच्या पावसात तोच काठ झिजतो. त्याच्या तुलनेत वाळू आणि गोटे यांना काहीच होत नाही. अमेरिकेतील ग्रँड कॅनियनमधून कोलोरॅडो नदीने तराफ्यांवरून जाणारे प्रवासी वाळूच्या किनाऱ्यांवरच मुक्काम करतात, आणि तेथे लघवी झाडाझुडपांत न करता थेट नदीत करावी असा नियम आहे, कारण कोरड्या वाळूत ती साचून राहते आणि प्रचंड प्रवाहात ती विरून जाते. इतरत्र बहुतेक ठिकाणी नियम याच्या अगदी उलट असतो. मला सांगायचे आहे ते एवढेच की, नियम त्या त्या नदीचा स्वभाव पाहून केलेले असतात आणि एका उद्यानातली सवय दुसऱ्या उद्यानात तशीच नेऊ नये.

दगडवाट :

वाळूला इजा होत नाही हे अगदी खरे, आणि मी ते लिहायला हवे होते. मात्र ग्रँड कॅनियनच्या वरच्या अंगालाही धरण आहे आणि तेथील विसर्गात दिवसभरात चढउतार होतात. तेथे अनुभवी वाटाडे रात्रीची पातळी किती चढेल हे आधी पाहून, त्याच्या वरच बिछाने अंथरतात आणि तराफे पाणी उतरले तरी कोरडे पडणार नाहीत अशा बेताने बांधतात. ज्या कुटुंबाला त्या विसर्गाचे वेळापत्रक वाचण्याची सवय नाही आणि ज्याच्यासोबत मुले आहेत, त्याने पुळणीवर दिवसभर खुशाल बसावे, जेवावे, वाळूत खेळावे. झोपायला मात्र वर जावे. दुसऱ्या जागेपासून पुळण चालत दहा मिनिटांवर असेल, तर मुलांचे फारसे काही हुकणार नाही.

परवाना देणाऱ्या कार्यालयाला मी आपल्या जागी एवढेच विचारीन : त्या आठवड्यात विसर्ग वाढण्याची शक्यता आहे का, वाढल्यास मुक्कामाच्या जागेपर्यंत सूचना कशी पोहोचते, तेथे मोबाइलला संपर्क मिळतो का, आणि दुसऱ्या जागेवरून ओढा न ओलांडता बाहेर पडण्याची वाट आहे का. यांतला शेवटचा प्रश्न लोक नेहमी विसरतात.

शुक्रतारा :

थंडीबद्दल मी लिहिते, कारण त्या बाबतीत मी स्वतः चुकले आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका दरीच्या अगदी तळाशी, नदीला लागून तंबू लावला होता. हवामानाच्या अंदाजात ९ अंश दिले होते आणि आमच्या स्लीपिंग बॅगवर ५ अंश छापलेले होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पहाटे तीनपासून आम्ही दोघी बसून राहिलो. तंबूच्या आतल्या बाजूने पाणी ओघळत होते, बॅगांची पायाकडची बाजू ओली झाली होती आणि माझ्या धाकट्या बहिणीचे दात थांबत नव्हते. उजाडल्यावर आम्ही चहाचे भांडे हातात धरून पन्नास पावले वर चढलो, तर तेथे गवत कोरडे होते आणि हवा चक्क उबदार होती.

कारण साधे आहे. रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखीच उताराने वाहत दरीच्या तळाशी साचते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री तळ आणि वीस-तीस मीटर वरची जागा यांत काही अंशांचा फरक सहज पडतो. नदीलगतची हवा दमट असल्यामुळे दव आणि धुकेही तेथेच अधिक असते. म्हणजे पुरासाठी जी जागा चांगली, तीच झोपेसाठीही चांगली. माहितीपत्रकातले ७-८ अंश कोठे मोजलेले आहेत हे त्यात दिलेले नसेल, तर मी ३-४ अंशांची तयारी ठेवीन.

स्लीपिंग बॅगवर सहसा दोन आकडे असतात आणि दुकानात मोठ्या अक्षरांत बहुतेकदा त्यांतला कमी आकडा लिहिलेला असतो. ‘कम्फर्ट’ हा आकडा, प्रमाणित चाचणीनुसार, सैलावून झोपलेल्या स्त्रीला थंडी न वाजण्याचे तापमान दाखवतो. ‘लिमिट’ हा अंग आखडून झोपलेल्या पुरुषाचा असतो. आपण आणि वडिलांनी कम्फर्टचा आकडाच पाहावा. लहान मुलांसाठी हे दोन्ही आकडे तयार केलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत आणखी काही अंशांची ऊब जादा धरावी. मुलांना मोठ्यांची बॅग दिली, तर पायाकडची मोकळी जागा कोरड्या कपड्यांनी भरून टाकावी, नाहीतर ती गरम करण्यातच त्यांची ऊब संपते.

बॅगेइतकीच, किंबहुना अधिक, अंगाखालची मॅट महत्त्वाची असते, कारण शरीराखाली दबलेल्या बॅगेत हवा राहत नाही आणि हवा नसली की ऊबही राहत नाही. मॅटची उष्णतारोधकता आर मूल्याने सांगतात आणि दोन मॅटी एकावर एक घातल्या तर त्यांची मूल्ये बेरजेने वाढतात. ३ ते ४ अंशांच्या रात्रीसाठी मी एकूण ४ च्या आसपासचे मूल्य पाहते. साध्या फोमच्या मॅटीवर हवा भरायची मॅट ठेवली की बहुधा तेवढे होते, आणि हवेची फुटलीच तर खालची उरते.

तंबूच्या झडपा थंडी वाजते म्हणून बंद करू नयेत. पाच माणसांच्या श्वासातली वाफ बाहेर जायला वाट हवी. ती नसली की माझ्यासारखी अवस्था होते. आणि कितीही थंडी असली तरी स्टोव्ह तंबूत, किंवा बंद ओसरीतही, पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वास नाही. माणूस फक्त अधिकाधिक गुंगत जातो. ऊब हवी असेल, तर घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून मुलांच्या पायांशी द्यावे.

शेकोटीबद्दल विचारले आहे म्हणून सांगते : स्टोव्हच न्यावा. पुष्कळ उद्यानांत पडलेले लाकूड उचलायलाही मनाई असते, कारण त्या कुजणाऱ्या लाकडात किडे, बुरशी आणि लहान प्राणी राहतात. बाहेरून लाकूड नेणे तर अधिक घातक असते, कारण सालीखाली लपलेल्या किडी नव्या जंगलात पोहोचतात. उत्तर अमेरिकेत ॲश जातीची झाडे मारणारा हिरवा भुंगा जळाऊ लाकडातून असाच दूरदूर पसरला.

पाणवठा :

पाण्याबद्दल आता लिहितो. पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला ४ लिटर धरले, तर पाच जणांचे दोन दिवसांचे ४० लिटर होतात, म्हणजे ४० किलो. चढाच्या वाटेवर एवढे ओझे नेणे अशक्य असल्यामुळे पाणी तेथेच घेऊन शुद्ध करावे लागेल आणि वाटेपुरते माणशी दीड-दोन लिटर बरोबर ठेवावे.

पाणी स्वच्छ, थंड आणि वाहते दिसले तरी ते शुद्ध आहे असे मानू नये. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे परजीवी वन्य प्राण्यांच्या विष्ठेतून पाण्यात येतात आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. उकळणे हा सर्वांत भरवशाचा उपाय : पाण्याला खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट, आणि २,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर ३ मिनिटे, कारण तेथे पाणी कमी तापमानाला उकळते. क्लोरीनच्या गोळ्या जिवाणू आणि विषाणू मारतात, पण क्रिप्टोस्पोरिडियमवर त्या विसंबण्याजोग्या नाहीत. ०.२ मायक्रॉनच्या आसपासची छिद्रे असलेला फिल्टर जिवाणू आणि हे दोन्ही परजीवी अडवतो, परंतु विषाणू त्यातून जातात. म्हणून वरच्या बाजूला वस्ती किंवा गर्दीचा तळ असेल, तर आधी फिल्टर आणि मग गोळी असे दोन्ही करावे. फिल्टर एकदा वापरल्यावर गोठू देऊ नये. आतली पोकळ तंतूंची जाळी बर्फाने फाटते आणि ती फाटल्याचे बाहेरून कळत नाही. बर्फाचे पाणी गढूळ असते, तेव्हा ते भांड्यात तासभर निवळू द्यावे आणि वरचे पाणी घ्यावे, नाहीतर फिल्टर पहिल्याच दिवशी तुंबेल.

शौचासाठी, तेथे बांधलेली सोय नसेल आणि नियमात परवानगी असेल, तर पाणी, पायवाट आणि तंबू या तिन्हींपासून किमान ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण सत्तर लांब पावले, दूर जावे आणि १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून नंतर तो मातीने भरावा. कागद बंद पिशवीत परत आणावा. भांडीही नदीत धुऊ नयेत. साबणाच्या वेष्टनावर तो निसर्गात विघटन पावतो असे लिहिलेले असले, तरी ते विघटन मातीतल्या जिवाणूंकडून होते. पाण्यात तो साबणच राहतो. पाणी बादलीत घेऊन ६० मीटर मागे यावे आणि सांडपाणी जमिनीवर पसरून टाकावे.

कासवगती :

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तिसरी जागा मी वडिलांच्या काळजीपोटी निवडणार होते, हे आता आठवले की अंगावर काटा येतो. आम्ही दुसरी जागा नक्की केली आहे. कार्यालयात विचारल्यावर असे कळले की विसर्ग वाढवण्यापूर्वी उद्यानाला कळवले जाते आणि वनरक्षक दिवसातून एकदा तळांवर फेरी मारतात, परंतु मोबाइलला संपर्क नाही.

दगडवाट यांच्या शेवटच्या प्रश्नाने मात्र मला अडचणीत टाकले आहे. दुसऱ्या जागेकडे जाणारी वाट वाहनतळापासून अर्ध्या किलोमीटरवर त्याच ओढ्याला ओलांडून जाते. तेथे पूल नाही, फक्त उतार, म्हणजे पायी ओलांडण्याची उथळ जागा, आहे, आणि त्या दिवसांत पाणी गुडघ्याच्या खाली असते असे सांगण्यात आले. ओढा न ओलांडता बाहेर पडायचे तर माथ्यावरून अकरा किलोमीटरचा वळसा आहे. आमचा बेत पहिल्या दिवशी जेवून दुपारी तीनला निघण्याचा आणि तिसऱ्या दिवशीही जेवण करून चारच्या सुमारास परतण्याचा होता. शिवाय मुलांना पुळणीजवळ पाण्यात उतरू द्यावे का, आणि प्राण्यांच्या दृष्टीने अन्न कसे ठेवावे, हेही सांगावे.

शुक्रतारा :

अन्नाचे सोपे आहे. तंबूत काहीही खाऊ नये आणि काहीही ठेवू नये, त्यात टूथपेस्ट, साबण आणि मुलांच्या खिशातला खाऊसुद्धा आला. सर्व काही घट्ट, कडक डब्यात घालून तंबूपासून ६० ते १०० मीटर दूर, शक्यतो वारा तंबूकडून डब्याकडे वाहत असेल अशा बाजूला ठेवावे आणि स्वयंपाकही तेथेच करावा. उद्यानात लोखंडी पेट्या बसवलेल्या असतील तर त्याच वापराव्यात. एखाद्या प्राण्याला माणसाच्या अन्नाची चटक लागली, तर शेवटी त्या प्राण्यालाच हलवावे किंवा मारावे लागते, आणि मुलांना हे कारण सांगितले तर ती नियम आपल्यापेक्षा काटेकोरपणे पाळतात, असा माझा अनुभव आहे.

नदीत मगरी असल्याची सूचना कोठे असेल, तर मात्र सारे गणित बदलते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये अशा ठिकाणी पाण्याच्या काठापासून किमान ५० मीटर दूर आणि कमाल जलपातळीच्या २ मीटर वर तंबू लावण्याची सूचना दिलेली असते, आणि पाणी रोज एकाच ठिकाणाहून एकाच वेळी भरू नये असेही तेथे बजावतात, कारण मगर आपली दिनचर्या पाहून ठेवते.

दगडवाट :

ओढ्याच्या उताराबद्दल. ‘गुडघ्याच्या खाली’ ही माहिती अपुरी आहे, कारण पाण्याचा जोर खोलीपेक्षा वेगावर अवलंबून असतो आणि वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. वेगाने वाहणारे १५ सेंटिमीटर पाणीही प्रौढ माणसाला पाडू शकते, आणि जे आपल्या गुडघ्याखाली आहे ते आठ वर्षांच्या मुलाच्या मांडीपर्यंत येते. आपल्या बेतातली खरी चूक मात्र वेळेची आहे. दुपारी तीन आणि चार या दोन्ही वेळा ओढा चढत असतानाच्या आहेत. दोन्ही दिवशी ओढा सकाळी लवकर, शक्यतो नऊच्या आत, ओलांडावा. पहिल्या दिवशी हे जमत नसेल, तर आदल्या रात्री उद्यानाबाहेर राहून सकाळी निघावे. तसे केले तर तंबू लावायला, झाडे तपासायला आणि वडिलांच्या विश्रांतीला अख्खा दिवस मिळतो, आणि दोन तासांच्या वाटेला चार तास लागले तरी कोणावर दडपण येत नाही.

ओलांडताना अनवाणी जाऊ नये. मोजे काढून बूट घालूनच उतरावे. पाठपिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवावेत, म्हणजे तोल गेला तर पिशवी टाकून देता येते. प्रवाहाकडे तोंड करून, काठी वरच्या बाजूला रोवून, एका वेळी एकच पाय हलवत तिरके जावे. जेथे पाणी पसरट आणि उथळ आहे ती जागा निवडावी, अरुंद दिसते ती नव्हे, कारण अरुंद जागी तेच पाणी खोल आणि वेगवान असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उताराच्या खालच्या बाजूला काय आहे ते आधी पाहावे. तेथे आडवे पडलेले झाड असेल, तर दुसरी जागा शोधावी. फांद्यांमधून पाणी निघून जाते आणि माणूस अडकतो. पाणी गढूळ झाले असेल, त्यातून पाने आणि काटक्या वाहत असतील किंवा तळातून दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, तर ओलांडू नये. एक रात्र अधिक राहावे लागेल असे गृहीत धरून एका दिवसाचे अन्न आणि वडिलांची औषधे जादा न्यावीत, आणि परतायला उशीर झाल्यास नेमक्या कोणत्या वेळेनंतर उद्यानाला कळवायचे, हे घरी राहणाऱ्या कोणाजवळ तरी लिहून ठेवावे. ती वेळ दुसऱ्या दिवशीची दुपार अशी सैल ठेवावी, म्हणजे परतायची घाई म्हणून कोणी भरल्या ओढ्यात उतरणार नाही.

मुलांना पाण्यात उतरू द्यायचे असेल, तर पुळणीच्या आतल्या, उथळ बाजूला, अंगात लाइफ जॅकेट घालून आणि एक मोठा माणूस त्यांच्या खालच्या प्रवाहाच्या बाजूला उभा राहणार असेल तरच. धरणाच्या तळातून सोडलेले पाणी उन्हाळ्यातही फार थंड असते. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडले की पहिल्या मिनिटाला श्वासावर ताबा राहत नाही, आणि पोहता येणाऱ्या माणसाच्याही नाकातोंडात पाणी जाते ते बहुधा तेव्हाच. मुलांना घरीच एक गोष्ट शिकवून ठेवावी : प्रवाहात पडलो तर उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही, कारण दगडांच्या फटीत पाय अडकला की प्रवाह अंग खाली दाबतो, उताणे व्हायचे, पाय खालच्या प्रवाहाच्या दिशेने वर ठेवायचे आणि हातांनी काठाकडे सरकत जायचे.

आणखी एक काम मुलांवरच सोपवता येईल. पुळणीवर पोहोचल्यावर पाण्याच्या कडेला एक काठी रोवून तिच्यावर पाण्याची पातळी खडूने आखावी, आणि पुळणीवर असेपर्यंत दर अर्ध्या तासाने अकरा वर्षांच्या मुलाने ती पाहून वेळेसह वहीत लिहावी. रेघ पाण्याखाली गेली की सामान आवरायला सुरुवात करायची, मग आकाश कितीही निळे असो.

कासवगती :

दोन्ही दिवशी सकाळी ओढा ओलांडायचे ठरले. आदल्या रात्रीची सोय उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळच होते आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी आठला ओढ्याशी पोहोचता येईल, आणि तिसऱ्या दिवशी साडेपाचला तंबू आवरायला घेतला तर साडेआठपर्यंत परत तेथे येऊ. मुलाने वहीत रकाने आखून ठेवले आहेत. वडिलांनी काठ्या आणवून घेतल्या असून ते रोज सकाळी जिन्यावर सराव करत आहेत. अर्ज आज पाठवत आहे.